साठीनंतरच विहाराची पायरी का आठवते?

पौर्णिमेच्या वंदनेला उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथील कोणत्याही बुद्धविहारात जा. पुढच्या तीन-चार रांगा पांढऱ्या केसांच्या दिसतील. पांढरे लुगडे नेसलेल्या आज्या, पांढरा सदरा घातलेले आजोबा, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या पिशवीत औषधाच्या गोळ्या. मागे थोडे कर्ते स्त्री-पुरुष, आणि दाराजवळ आईने बळेच आणलेली दोन-चार मुले. तरुणपणी ज्यांनी वर्षातून दोनदाच, म्हणजे १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला पंचशीलाचा ध्वज पाहिला, तेच गृहस्थ रिटायर झाल्यावर रोज सकाळी विहार झाडायला हजर असतात.

मग तरुण मंडळी हसून म्हणतात, "आयुष्यभर नाही सुचलं, आता वर जायची वेळ आली तसं सुचलं!" वडीलधारी माणसेही खालच्या आवाजात कबुली देतात, "हो बाबा, आता आमचं काय राहिलं?" सगळ्यांनी जणू ठरवून टाकले आहे की म्हातारपणी माणूस धर्माकडे वळतो तो मरणाच्या भीतीने. आम्ही पेशाने कारकून. रजेच्या दिवशी समाजकार्याच्या निमित्ताने या तिन्ही गावांतील वस्त्यांमध्ये आमचे जाणे-येणे असते. तेथे जे पाहतो, ऐकतो, त्यावरून आम्हांला हे उत्तर अपुरे वाटते. भीती असते, नाही असे नाही. परंतु त्याहून मोठे कारण दुसरेच आहे आणि ते ओळखले नाही तर आपल्या वडीलधाऱ्यांचे व आपल्या चळवळीचे दोघांचेही नुकसान आहे.

बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न

सिद्धार्थ गौतमाने गृहत्याग का केला, याची परंपरागत कथा आपल्याला ठाऊक आहे. राजपुत्राने एक म्हातारा पाहिला, एक रोगी पाहिला, एक प्रेत पाहिले, शेवटी एक संन्यासी पाहिला आणि त्याचे मन संसारातून उडाले. म्हणजे म्हातारपण आणि मरण दिसले की माणूस धर्माकडे वळतो, हाच विचार या कथेच्या मुळाशी आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात पहिलाच प्रश्न या कथेबद्दल उपस्थित केला. सिद्धार्थाने घर सोडले तेव्हा त्याचे वय २९ होते. म्हातारपण, आजार आणि मृत्यू या तर रोज शेकड्याने घडणाऱ्या गोष्टी. एकोणतीस वर्षांच्या माणसाला त्या तोपर्यंत दिसल्याच नव्हत्या, हे बुद्धीला कसे पटावे? म्हणून बाबासाहेबांनी ते कारण नाकारले आणि दुसरे कारण मांडले. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता. शाक्यसंघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने त्याला विरोध केला आणि त्याची किंमत म्हणून त्याने देशत्याग पत्करला. माणूस माणसाशी का भांडतो, हे दुःख कसे थांबेल, हा प्रश्न घेऊन तो बाहेर पडला.

बाबासाहेबांचे स्वतःचे आयुष्यही पाहावे. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, तेव्हा त्यांचे वय ४४. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची, तेव्हा वय ६५. या काळात मधुमेहाने शरीर पोखरले होते, पाय साथ देत नव्हते. तरीही ५ डिसेंबरच्या रात्री ते त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेवर हात फिरवत होते. पासष्टाव्या वर्षी हा आजारी माणूस धर्माकडे आला, असे वरवर पाहणारा म्हणेल. पण त्यामागे पन्नास वर्षांचा अभ्यास होता, आणि तो स्वतःच्या परलोकाची सोय लावण्यासाठी नव्हता. लाखो माणसांना माणूस म्हणून जगता यावे यासाठी होता.

तेव्हा धर्म म्हणजे म्हातारपणाची काठी आणि मरणावरचे औषध, हे समीकरण निदान आपल्या परंपरेत बसत नाही.

वय वाढते म्हणून, की पिढी वेगळी म्हणून?

जगात काय दिसते? अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने २०१८ मध्ये १०६ देशांतील माहिती प्रसिद्ध केली. धर्म आपल्या जीवनात फार महत्त्वाचा आहे, असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण ४६ देशांत चाळिशीच्या आतल्या लोकांत कमी आणि वरच्या लोकांत जास्त आढळले. पण ५८ देशांत तरुण आणि वयस्क यांच्यात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. याचा अर्थ वय वाढले की माणूस हटकून धार्मिक होतो, असा काही निसर्गनियम नाही.

शिवाय जेथे फरक दिसतो तेथेही एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आज जे म्हातारे आहेत ते ज्या काळात वाढले तो काळच कदाचित जास्त धार्मिक होता. म्हणजे ते म्हातारपणी बदलले नाहीत, ते लहानपणापासून तसेच आहेत. तरुण पिढी वेगळ्या हवेत वाढली, एवढेच.

आता हा हिशेब आपल्या समाजाला लावून पाहू. १९५६ साली विशीत असताना ज्यांनी दीक्षा घेतली ते आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी फार थोडे उरले. आज जे साठ-पासष्टीचे आहेत ते १९६० च्या मागेपुढे जन्मले. त्यांच्या कळत्या वयात घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडल्याच्या गोष्टी ताज्या होत्या. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर नुकती लागली होती. कंदिलाच्या उजेडात आई भीमगीते म्हणत होती, वडील अडखळत त्रिसरण-पंचशील पाठ करत होते. पुढे नोकरी लागली, लग्न झाले, पाळ्यांचा धबडगा सुरू झाला आणि हे सर्व मागे पडले. म्हणून साठीनंतर असा माणूस विहारात येऊन बसतो तेव्हा नव्याने वळत नाही. तो आईच्या ओसरीवर परत येतो. त्याच्या तोंडी वंदना सहज येते ती त्यामुळे.

भोंगा थांबला, संगत तुटली

आता मुख्य कारणाकडे येऊ.

शहाडची सेंच्युरी रेयॉन, अंबरनाथचा आयुध कारखाना, तेथलीच काडेपेटीची विमको, एम.आय.डी.सी.तले लहान-मोठे केमिकल कारखाने, रेल्वे, नगरपालिकेचे सफाई खाते. आपल्या समाजाच्या दोन पिढ्यांनी येथे घाम गाळला. ज्याने तीस-पस्तीस वर्षे पाळीत काढली त्याचा सारा दिवस भोंग्याने आखलेला असतो. डबा, लोकल, कार्ड पंच, कॅन्टीनचा चहा, युनियनची गेटसभा, पगाराच्या दिवशीची उधारी-पाधारी. त्याला शंभर माणसे नावाने ओळखतात. मग एके दिवशी हार, नारळ, भिंतीवरचे घड्याळ आणि निरोपाची भाषणे होतात. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला जाग येते, आणि जायचे कुठेच नसते.

या माणसाला पहिले पंधरा दिवस बरे वाटते. नंतर घरातले त्याला चुकवू लागतात. सून म्हणते, "बाबा, जरा गॅलरीत बसा, लादी पुसायची आहे." गॅलरीतून उठून तो नाक्यावर जातो. नाक्यावर रोज किती वेळ बसणार? पेन्शनचे म्हणावे तर कर्मचारी पेन्शन योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. तेवढ्यात औषधही पुरे होत नाही. हातात पैसा नाही, काम नाही, आणि आपले मत कुणी विचारत नाही. ही तीन दुःखे एकदम येतात.

बदलापूर आणि अंबरनाथमध्ये यात आणखी एक दुःख मिसळले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला आणि नंतर गिरणगावच मोडले. वरळी-नायगावच्या बी.डी.डी. चाळी, डिलाईल रोड, माटुंग्याचा लेबर कॅम्प येथून कितीतरी कुटुंबे हळूहळू मध्य रेल्वेने पुढे सरकत या बाजूला आली. कुणी खोली विकली, कुणी फंडाचे पैसे घातले आणि बदलापूरला वन-रूम-किचन घेतले. घर मोठे झाले, संडास घरात आला, हे चांगलेच झाले. पण चाळीत खोली जरी दहा बाय सोळाची असली तरी दार दिवसभर उघडे असायचे. गावाकडचे मंडळ, खालचा विहार, गायनपार्टी, पलीकडची मावशी, सगळे हाकेच्या अंतरावर होते. येथे दार बंद. लिफ्टमध्ये भेटणारा शेजारी मान हलवतो आणि निघून जातो. मुलगा-सून पहाटेची लोकल पकडतात आणि रात्री नऊला परततात. कमावत्या मुलाचा दिवस गाडीत जातो, आणि म्हाताऱ्या आईबापाचा भिंतीकडे बघण्यात.

अशा माणसाला विहार सापडतो तेव्हा त्याला आधी काय सापडते? ठरलेली वेळ सापडते. नावाने हाक मारणारी माणसे सापडतात. "काल का नाही आलात?" असे विचारणारे कुणीतरी सापडते. आणि करायला काम सापडते. चटया अंथरायच्या, मेणबत्त्या लावायच्या, वर्गणीची वही लिहायची. कारखान्याने जे काढून घेतले ते त्याला येथे परत मिळते. हे धर्माच्या रूपाने मिळते म्हणून आपण त्याला धार्मिकता म्हणतो. खरे पाहता त्यातला मोठा भाग संगतीचा आहे.

हे केवळ आपल्यातच घडते असे नाही. आमचे उल्हासनगर मुळात महायुद्धातला लष्करी तळ, कल्याण कॅम्प. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली लाखाच्या आसपास माणसे या बराकींत आणून वसवली गेली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या गावाची पायाभरणी झाली. ज्यांचे घर, शेती, गाव, नदी सर्व सुटले, त्यांनी कॅम्पाकॅम्पांतून आपले दरबार आणि झुलेलालची मंदिरे उभी केली. आजही चालिहाच्या चाळीस दिवसांत तेथे वृद्ध सिंधी स्त्री-पुरुषांची रीघ असते. त्यांची श्रद्धा वेगळी, आपली वाट वेगळी. पण घर सुटलेल्या माणसाला आपली भाषा बोलणारी, आपले दुःख जाणणारी माणसे हवी असतात, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

आयाबायांचे निराळे

पुरुषाचे झाले. बाईचे काय? ती तर रिटायर होतच नाही. भांडी-धुणी, नातवंडांची शाळा, पाणी भरणे हे सत्तरीतही सुटत नाही. मग ती विहारात का येते?

आम्ही ज्या आज्यांशी बोललो त्यांच्यातील बऱ्याच जणींनी वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितले. विहार ही त्यांच्या आयुष्यातली पहिली जागा आहे जिथे त्या स्वतःच्या पायाने, स्वतःसाठी जातात. माहेरी बापाचे घर, सासरी नवऱ्याचे, आता मुलाचे. विहारात मात्र महिला मंडळात नाव असते, सही करायची असते, माईक हातात येतो. ज्या बाईने आयुष्यभर अंगठा उठवला ती सत्तरीत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मधील ओळी बोटाने लावत वाचते, ही काय लहान क्रांती आहे?

त्यातही विधवा स्त्रीचे पाहा. जुन्या रूढीत नवरा गेला की शुभकार्यात तिची सावली नको. तिने हळदी-कुंकवाला जायचे नाही, पुढे यायचे नाही. आपल्या मंगल परिणयात आणि नामकरणात मात्र ती पहिल्या ओळीत बसते, मेणबत्ती लावते, वधूवरांना आशीर्वाद देते. नवरा गेल्यावर जिची किंमत कमी व्हायची तिला येथे उपासिका म्हणून मान मिळतो. एवढ्या एका कारणासाठीही आमच्या आया विहाराकडे धावल्या तर नवल नाही.

मरणाचे काय?

आता कुणी म्हणेल, एकटेपणाचे ठीक, पण मरणाचे भय आहेच ना? आणि आपल्याकडे तर ते अधिक कठीण. आपण आत्मा मानत नाही, स्वर्ग मानत नाही, तारणारा देव मानत नाही. प्यू संस्थेने २०१९-२० मध्ये भारतात सुमारे ३०,००० लोकांची पाहणी केली, तेव्हा बौद्धांपैकी एक-तृतीयांश लोकांनी आपला ईश्वरावर विश्वास नसल्याचे सांगितले होते. मग ज्याला देव नाही त्याने शेवटच्या काळात कशाचा आधार घ्यायचा?

किसा गौतमीची कथा आपण सारे जाणतो. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरली. भगवंतांनी सांगितले, ज्या घरी कुणी मेले नाही त्या घरून मूठभर मोहरी आण. ती दारोदार हिंडली आणि मोहरीविना परतली. या कथेचा अर्थ आपण "मरण सर्वांना आहे" एवढाच सांगतो. पण भगवंतांनी हे तिला बसल्या जागी का सांगितले नाही? घरोघर का पाठवले? कारण प्रत्येक उंबऱ्यावर तिला तिच्यासारखेच दुःख सोसलेले माणूस भेटले. तिचे दुःख हलके झाले ते माणसांत मिसळून.

दुसरी कथा नकुलपिता या गृहस्थाची. तो म्हातारा व आजारी झाला होता आणि वारंवार दर्शनाला येणे त्याला जमत नव्हते. त्याने भगवंतांकडे उपदेश मागितला. भगवंतांनी त्याला बरे होशील असे खोटे आश्वासन दिले नाही. शरीर रोगी झाले तरी मन रोगी होऊ द्यायचे नाही, याचा अभ्यास कर, एवढेच सांगितले. स्वतः तथागतांनीही ८० व्या वर्षी आनंदाजवळ आपल्या शरीराची तुलना दोऱ्यांनी बांधून कशीबशी चालवलेल्या जुन्या गाड्याशी केली. आपला शास्ता स्वतः म्हातारा झाला, थकला, आजारी पडला आणि त्याने ते लपवले नाही, यापेक्षा मोठा आधार वृद्ध माणसाला दुसरा कोणता द्यावा?

येथे सावध राहा

जे माणसाला विहारात आणते तेच त्याला फसवणाऱ्याच्या दारातही नेऊ शकते, हे विसरून चालणार नाही. एकट्या पडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या, फंडाचे चार पैसे बँकेत असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा पत्ता बुवा-बाबांना बरोबर सापडतो. "आजी, बसा, चहा घ्या, पाय दुखतात का?" घरात जे कुणी विचारत नाही ते तो विचारतो. पुढे गंडा, मग ताईत, मग घराची बाधा, मग पूजेचे पाच हजार. ज्या घराने १९५६ नंतर देव्हारा काढला त्याच घरात नातवाच्या आजारपणाच्या निमित्ताने लिंबू-मिरची लटकलेली आम्ही पाहिली आहे. घरचे म्हातारीला रागावतात. पण ती तेथे का गेली, याचा विचार कुणी करत नाही.

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. अघोरी उपायांना, चमत्काराच्या नावाखाली फसवणुकीला त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचे रक्त सांडल्यावर तो कायदा आला. त्याचा उपयोग करा. पण कायदा बाबाला अडवील, म्हातारीचे एकटेपण घालवणार नाही.

आणि थोडे आपल्या अंगणातही पाहू. विहारातसुद्धा परित्राणाचा धागा ताइतासारखा बांधला जाऊ लागला, जलदान विधीवर कर्ज काढून खर्च होऊ लागला, तर नाव बदलून जुनेच परत आले असे होईल. धागा बांधणाऱ्या आजीला हिणवू नका. तिच्याजवळ बसून त्या सुत्ताचा अर्थ सांगा. तिला अर्थ कळला की धाग्याचे ओझे आपोआप कमी होते.

आणखी एक. एखादे वडीलधारे माणूस अचानक रात्रंदिवस पूजापाठच करू लागले, जेवण सोडले, कुणी मारायला येते असे म्हणू लागले, ओळखीची माणसे विसरू लागले, तर "म्हातारपणी भक्ती लागली" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरला दाखवा. मनाच्या त्रासासाठी १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर, आणि ज्येष्ठांच्या कोणत्याही अडचणीसाठी १४५६७ या एल्डरलाईनवर मोफत बोलता येते.

राध आणि सोणा

म्हातारी माणसे विहारात आली की काही कार्यकर्ते कुरकुरतात. "यांच्याने काय चळवळ होणार?" त्यांच्यासाठी दोन जुन्या कथा.

श्रावस्तीत राध नावाचा एक गरीब, वृद्ध ब्राह्मण होता. घरात कुणी विचारीना म्हणून विहारात येऊन झाडलोट करी. त्याला प्रव्रज्या द्यायला कुणी भिक्खू तयार होईना. सारिपुत्तांना आठवले की या माणसाने एकदा आपल्याला पळीभर अन्न दिले होते. त्यांनी त्याला संघात घेतले. आणि हा म्हातारा चूक दाखवली तर न रागावता शिकत गेला.

सोणा ही पुष्कळ मुलांची आई. तिने सारी मालमत्ता मुलांत वाटून टाकली आणि थोड्याच दिवसांत मुला-सुनांच्या घरी तिची किंमत संपली. तीही उतारवयात भिक्खुणीसंघात आली. दिवसा कामे करायची आणि रात्री अभ्यास. पुढे उत्साहाने प्रयत्न करणाऱ्या भिक्खुणींत तिला अग्रस्थान मिळाले.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या कथा आणि आजच्या कॅम्प चारमधील किंवा बदलापूर पूर्वेतील घर, यांत फारसा फरक नाही. मालमत्ता नावावर करून घेतली की बोलणे बदलते. अशा वेळी "आमची आजी धम्मात रमली" असे म्हणून मुलांना सुटता येणार नाही. सिगालोवाद सुत्तात सहा दिशा सांगितल्या आहेत, त्यांतील पूर्व दिशा म्हणजे आईबाप. ज्यांनी पोसले त्यांना पोसणे, हे तेथील पहिले कर्तव्य आहे. कायदाही तेच सांगतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने आईबापांना प्रांत कार्यालयातील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, वकील लागत नाही, आणि महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्चाचा आदेश होऊ शकतो. विहार हा घराला जोड आहे, घराच्या बदल्यात नाही.

मग करायचे काय?

बाबासाहेबांनी धर्म आणि धम्म यांतला फरक सांगताना म्हटले आहे की धर्म हा ज्याचा त्याचा खासगी मामला मानला जातो, धम्म मात्र सामाजिक आहे. माणूस एकटाच असता तर त्याला धम्माची गरज पडली नसती. दोन माणसे आली की त्यांच्यात धम्म हवा. हे वाक्य वृद्धांच्या प्रश्नाला तंतोतंत लागू आहे. एकटा पडलेला म्हातारा विहारात येतो तो दुसऱ्या माणसाच्या शोधात. त्याला दुसरा माणूस देणे, हेच आपले धम्मकार्य.

त्यासाठी फार पैसा लागत नाही. आमच्या मते प्रत्येक विहाराने या गोष्टी कराव्यात.

पहिली, विहार केवळ वंदनेपुरता न उघडता दुपारी दोन ते पाच उघडा ठेवावा. तीच वेळ वृद्धांना खायला उठते. एक वर्तमानपत्र, पिण्याचे पाणी आणि भिंतीला टेकून बसायला चार खुर्च्या पुरेत.

दुसरी, ज्यांना लिहिता-वाचता येते अशा निवृत्त लोकांनी आठवड्यातून एक दिवस टेबल मांडावे. हयातीचा दाखला, श्रावणबाळ योजनेचा अर्ज, रेशन कार्डावरचे नाव, बँकेचे के.वाय.सी. ही कामे तरुणांना किचकट वाटतात. ज्याने चाळीस वर्षे ऑफिसात फायली हलवल्या त्याच्यासाठी ती हातचा मळ आहेत. दुसऱ्याचा फॉर्म भरून दिला की त्याचाही दिवस कारणी लागतो.

तिसरी, वर्षावासातील तीन महिन्यांच्या ग्रंथवाचनात वृद्धांना नुसते ऐकायला बसवू नये. त्यांना बोलते करावे. मे १९२७ मध्ये, महाडनंतर दीड महिन्याच्या आत, बाबासाहेब याच बदलापुरात शिवजयंतीच्या उत्सवाला अध्यक्ष म्हणून आले होते. हे आज बदलापुरात वाढणाऱ्या किती मुलांना माहीत आहे? आपल्या आजोबांनी देव कसे सोडले, पाणवठ्यावर काय झाले, गिरणी कशी बंद पडली, हे सांगणारी पिढी आपल्या डोळ्यांदेखत जात आहे. एक वही घ्या, नातवाला लिहायला बसवा.

चौथी, जो दोन रविवार आला नाही त्याच्या घरी जावे. एवढाच नियम पाळला तरी बाबा-बुवांची अर्धी दुकाने बंद होतील.

आणि तरुणांना एक सांगणे. साठी गाठेपर्यंत थांबू नका. सिद्धार्थ बाहेर पडला तेव्हा २९ वर्षांचा होता. ज्या बापाला तुम्ही रविवारी विहारापर्यंत हात धरून नेता, त्याच्या शेजारी तासभर बसा. वंदना येत नसेल तर तो शिकवील. त्याला शिकवायला माणूस मिळेल आणि तुम्हांला बाप नव्याने कळेल.

येत्या पौर्णिमेला कुणाच्या घरातील आजी-आजोबा एकटेच विहाराकडे निघाले असतील तर त्यांच्याबरोबर घरातील एकाने तरी निघावे, एवढीच आमची सर्व समाजबांधवांना आणि भगिनींना विनंती आहे.

जय भीम!